नाक पुसू नका, फोटो काढायचाय!

सातव्या मजल्यावरच्या भाऊजींनी कॅमेरा घेतला, ही बातमी सोसायटीत कुणी आणली ते आता आठवत नाही, पण किंमत मात्र मी आणली. लिफ्टमध्ये वहिनींच्या तोंडून निसटली. नुसत्या भिंगाला एवढे पैसे, की तेवढ्यात आमच्याकडे नवा फ्रिज, नवं वॉशिंग मशीन आणि वर आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू झाले असते. पांढरं भिंग, चांगलं पोळपाट-लाटण्यातल्या लाटण्याएवढं लांब. मी म्हटलं, पक्ष्यांचे काढणार असतील. बेंगळुरूत पन्नाशी ओलांडलेला पुरुष एक तर सायकल घेतो, नाही तर पक्षी बघतो. सायकल भाऊजींनी दोन वर्षांपूर्वीच घेतली होती. ती जिन्याखाली असते आणि तिच्यावर पायपुसणी वाळतात.

पण कसले पक्षी आणि कसलं काय! भाऊजी गरीब बघायला लागले.

गणपतीत क्लबहाउसमध्ये प्रदर्शन लागलं तेव्हा सगळा प्रकार उघडकीला आला. एकीकडे मखर, समया, उकडीच्या मोदकांची ताटं, आणि समोरच्या भिंतीवर चोवीस फ्रेमा, सगळ्या काळ्या-पांढऱ्या. पहिलीत सुरकुतलेले हात. दुसरीत सुरकुतलेले पाय. तिसरीत एक पोर, नाकाखाली दोन धारा, हातात बिस्किटाचा अर्धा पुडा. चौथीत चूल, धूर आणि धुरामागे बाई. पाचवीत तीच बाई बाळाला पाजायला घेऊन बसलेली. इथे मी भिशीतल्या काकूंना जरा पुढे ढकललं, कारण मागून दहावीतली पोरं येत होती. आणि खाली ठसठशीत मथळा: 'फेसेस ऑफ होप'.

आता मला सांगा, होप कुणाला? त्या पोराला बिस्किटाची होप असेल एक वेळ. बाकी मला तरी सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'हा बाबा जातोय कधी' एवढंच दिसलं.

वहिनींना हळूच विचारलं, "तुमचा नाही का हो एखादा?" तर म्हणाल्या, "माझा शेवटचा काढला तो पासपोर्टसाठी. त्यातही डोळे मिटलेत. आमच्या घरी चूल नाही ना पेटवत, इंडक्शनला धूर येत नाही." एवढं बोलून मोदकांना तूप वाढायला निघून गेल्या. पण तुपाची धार जरा जोरातच पडत होती.

हे एकट्या भाऊजींचं खूळ असतं तर मी बोललेही नसते. एखाद्या घरात असतं एखादं. पण अख्ख्या गावाला लागलंय हो! त्याला फोटोवॉक म्हणतात. रविवारी पहाटे पाचच्या आत पंधरा-वीस जण जमतात, पाठीवर पिशव्या, पायात डोंगर चढायचे बूट, आणि चढायचं काय, तर भाजीबाजार. पैसे भरून जातात. ज्या बाजारात आमची पिढी दोन रुपये वाचवायला जायची, तिथे ही मंडळी पैसे भरून नुसतं बघायला जातात आणि येताना कोथिंबिरीची एक जुडीसुद्धा आणत नाहीत. के. आर. मार्केट झालं की शिवाजीनगरचं रसेल मार्केट, मग मल्लेश्वरमचा धोबीघाट, आणि सगळ्यांत चढती कमान म्हणजे सर्जापूर रस्त्याच्या मागच्या निळ्या ताडपत्र्या. यांची भाषाही निराळी. 'आज लाइट काय अप्रतिम आहे' म्हणजे कुणाच्या तरी घरात धूर झालाय. 'टेक्स्चर' म्हणजे भिंतीचे पोपडे किंवा म्हातारीचा गाल. 'कँडिड' म्हणजे विचारायचं नाही. 'स्टोरी आहे हिच्यात' म्हणजे हिचं नाव ठाऊक नाही.

ऐकीव गोष्टींवर बोलायची मला सवय नाही, म्हणून एका रविवारी मी स्वतः गेले भाऊजींबरोबर. (वहिनींनीच पाठवलं. म्हणाल्या, बघून तरी या काय चालतं ते.)

के. आर. मार्केटचा पहाटेचा फुलबाजार मी पंचवीस वर्षं बघतेय. तो बघावा असाच आहे, त्याबद्दल वाद नाही. शेवंतीचे पिवळेधमक ढीग, झेंडूची पोती, अबोलीच्या टोपल्या, ओल्या केळीच्या पानांचा वास, आणि त्यातून डोक्यावर गठ्ठा घेऊन 'बाजूला व्हा' ओरडत पळणारे हमाल. शिवनसमुद्रची वीज बेंगळुरूला आली १९०५ साली, आणि पहिले दिवे लागले ते या भागात. त्या वेळी लोक उजेड बघायला जमत असतील. आता जमतात ते अंधार शोधायला! वरच्या मजल्यावरच्या कठड्याला ही मंडळी ओळीनं लगडलेली होती, पितृपक्षात कावळे बसतात तशी. सगळ्यांचा एकच फोटो. वरून दिसणारी फुलांची गोल वेटोळी आणि मध्ये एक माणूस. इंटरनेटवर हा फोटो इतक्या वेळा बघितलाय, की त्या मधल्या माणसाच्या डोक्यावरचं टक्कलसुद्धा आता ओळखीचं झालंय.

खाली एक फुलवाली होती. साठीची असेल. कन्नडमध्ये गजरा मोळाने मोजतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, म्हणजे आपला जुना 'हात'च की. दोन्ही हात पसरले की मारू. ती मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा मोळ मोजत होती, दोऱ्याचं टोक दातात धरलेलं, समोर स्कूटरवर गिऱ्हाईक. यांच्यातल्या एकानं बघितलं मात्र, जमिनीवर लोटांगणच घातलं. खरंच घातलं, पालथा पडला, केळीच्या सालींत. "वन मोअर, अम्मा, वन मोअर." तिनं परत मोजला. "अम्मा, लुक दॅट साइड." परत मोजला. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत स्कूटरवाला निघून गेला. तेव्हा ती दोरा दातातून काढून म्हणाली, "हू तगोळ्ळी, आमेले फोटो." आधी फुलं घ्या, मग फोटो. तो उठला, गुडघे झटकले, 'सो शार्प' म्हणून खूश झाला आणि पुढच्या म्हातारीकडे गेला. फुलं मी घेतली, दोन मोळ. तिनं मला अर्धं बोट जास्त दिलं, तेही यांच्या नावानं बोटं मोडत.

आता तुम्ही म्हणाल, बाजार सार्वजनिक जागा, तिथे काय कुणाचं खासगी? मीही हेच म्हणत होते. पण गेल्या वर्षीची, २०२५ ची गोष्ट आठवून बघा. मे महिन्यात बोभाटा झाला, की आपल्या मेट्रोत बसलेल्या बायकांचे कुणी तरी चोरून व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकतंय. जुलैत तसंच चर्च स्ट्रीटवरून चालणाऱ्या मुलींचं निघालं. काय गदारोळ झाला! पेपर, टीव्ही, पोलिसांत गुन्हे, दोन्ही प्रकरणांत अटक. व्हायलाच हवी होती; माझी भाची रोज त्याच मेट्रोनं जाते, मी चार दिवस नीट झोपले नाही. भाऊजी तर आमच्या ग्रुपवर सगळ्यांत जास्त खवळले होते. "न विचारता कुणाचा फोटो काढणं ही विकृती आहे," असं लिहिलं त्यांनी. खाली सत्तेचाळीस अंगठे. आणि त्याच संध्याकाळी पाठोपाठ काय टाकलं? धोबीघाटावरची बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाठमोरी. त्यालाही अंगठे, वर दोन नमस्कार.

चर्च स्ट्रीटवर गुन्हा आणि धोबीघाटावर कला! मधे फक्त काही किलोमीटर रस्ता आहे हो.

गंमत बघा, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे अख्ख्या देशाला मिळवून दिलं ते आमच्या बेंगळुरूच्याच एका आजोबांनी. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी. कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले, वय वर्षं शहाऐंशी, २०१२ साली 'आधार'विरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. पाच वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला. २०२४ मध्ये गेले ते, इथेच. त्या निकालात कुठे म्हटलंय का, की हा हक्क फक्त पक्क्या भिंती असलेल्यांना? आमच्याकडे दारावर कॅमेरा, गेटवर वॉचमन, वॉचमनकडे वही, वहीत सही. भाजीवाल्याला वर यायचं तर ॲपवर परवानगी लागते. आणि ताडपत्रीला दारच नाही म्हटल्यावर आत जायला परवानगी कसली? वाका आणि शिरा.

बरं, हा आजचा उद्योग म्हणावा तर तसंही नाही. मी जरा खोदून बघितलं, आणि जे जुनं कुलंगडं निघालं ते ऐकून भिशीतल्या काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. आपल्याकडे सोलापूर, विजापूर, पार मद्रासपर्यंत पडलेला. म्हैसूर संस्थानाची १८७१ च्या शिरगणतीत पन्नास लाखांवर वस्ती होती, १८८१ मध्ये बेचाळीस लाखांच्या आत आली. एवढी माणसं गेली. तेव्हा मद्रास इलाख्यात हूपर नावाचा एक लष्करी साहेब होता, छायाचित्रणाचा भारी नाद. त्यानं काय करावं? हाडांचे सापळे झालेली कुटुंबंच्या कुटुंबं आणून ओळीत बसवली, उंचीप्रमाणे, लग्नातल्या फोटोसारखी. बाप, आई, मधे लेकरं. त्या काळी कॅमेऱ्यापुढे हलायचं नाही, आणि त्या बिचाऱ्यांत हलायचं त्राण तरी कुठे होतं! फोटो झाल्यावर त्यांना तसंच परत धाडलं, अन्नाचा कण दिला नाही, असं त्याच्याबद्दल अजून बोललं जातं. त्याच दुष्काळात बेंगळुरूत मदतीसाठी ताटकळलेल्या माणसांचं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये आलं, २० ऑक्टोबर १८७७ ला. म्हणजे आमच्या गावातली भूक लंडनच्या दिवाणखान्यात पोचायला दीडशे वर्षांपूर्वीही फार वेळ लागत नव्हता. धान्यालाच लागायचा.

हूपरसाहेबाचं पुढे ऐका. १८८६ मध्ये स्वारी ब्रह्मदेशात, मंडालेला. तिथे कैद्यांना गोळ्या घालायच्या होत्या. यानं कॅमेरा मांडला, आणि गोळी सुटायचा नेमका क्षण पकडायच्या नादात हुकूम लांबवल्याचा आरोप त्याच्यावर आला. विलायतेत बोंब झाली, चौकशी झाली, ठपका आला. कँडिडची हौस!

अमेरिकेतही एक होता, जेकब रीस. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत रात्री-अपरात्री घुसून फ्लॅशची पूड उडवून फोटो काढायचा. त्याचं पुस्तक १८९० चं. चांगला माणूस, त्याच्या फोटोंमुळे तिथल्या चाळी सुधारल्या, ते नाकारत नाही मी. पण त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की एकदा आंधळ्या भिकाऱ्यांचा फोटो काढताना फ्लॅशच्या ठिणगीनं त्यांच्या खोलीलाच आग लागली. खोलीत सगळे आंधळे, आणि डोळस असा हा एकटा! विझवली म्हणा त्यानं. नंतर पोलिसाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणे त्या घरात इतकी घाण आहे की ते पेटणारच नाही.

आणि सगळ्यांवर कडी केली ती एका इटालियन गृहस्थांनी. अलेस्सिओ मामो. २०११ साली उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या खेड्यांत टेबल घेऊन गेले. टेबलावर केक, फळं, पक्वान्नं. सगळी खोटी, बरं का! आमच्याकडे हळदीकुंकवात मांडतात ना प्लॅस्टिकची केळी, तशी. त्या टेबलामागे उपाशी माणसांना उभं केलं, पोरांना डोळ्यांवर हात ठेवायला लावले आणि म्हणाले, काय खावंसं वाटतं त्याचं स्वप्न बघा. २०१८ मध्ये 'वर्ल्ड प्रेस फोटो'च्या इन्स्टाग्रामवर ते फोटो झळकले आणि जगभरातून शिव्यांची लाखोली वाहिली गेली, तेव्हा माफी मागितली. सात वर्षांनी. अहो, आमच्या आजीच्या घरी भिकाऱ्याला दारात उभं करून आत जेवणं चालू ठेवली, तरी ती पानावरून उठायची. हे काय म्हणायचं?

त्यापेक्षा मुंबईकर शहाणे. धारावीत २००५ पासून एक सहल चालते, 'रिॲलिटी टूर्स'ची, परदेशी पाहुणे हिंडतात, चामड्याचं काम, कुंभारवाडा, पापड वाळताना सगळं बघतात. पण नियम एकच, कॅमेरा बाहेर काढायचा नाही. मी भाऊजींना हे ऐकवलं तर म्हणाले, "मग जायचं कशाला?" बघा, मनातलं आलंच ओठांवर!

तर आता निळ्या ताडपत्र्या. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून रिकामा प्लॉट आहे, त्यावर तीसेक झोपड्या. यादगीर, रायचूर, कलबुर्गी, बीदरकडची माणसं, सगळी बांधकामावर. आमचं क्लबहाउस यांनीच बांधलं असेल, कोण जाणे. लोकांना वाटतं अशा झोपड्या फुकट. कसल्या फुकट! जमिनीच्या मालकाला दर महिन्याला भाडं जातं, बांबू-ताडपत्री यांची, पाणी विकतचं, आणि रेशनकार्ड राहतं गावाकडे. दारिद्र्य काय स्वस्त असतं होय या गावात?

भाऊजी तिथे पोचले त्या दिवशी मी भिंतीच्या अलीकडे कढीपत्ता तोडत होते. (सोसायटीचाच आहे, मी कुणाच्या बापाचा तोडत नाही.) फोटोवॉकवाले सहा-सात जण. एका झोपडीपुढे एक बाई भाकरी थापत होती, कडेला लेकरू. भाऊजी उकिडवे बसले. गुडघ्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. बाईनं वर बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "कशाचे फोटो काढायलाव, दादा?"

भाऊजींच्या हातातला कॅमेरा एक इंच खाली आला. औरादची निघाली हो ती, बीदर जिल्ह्यातली! तिकडे मराठी घरोघरी. आपल्याच भाषेत आवाज आला की माणूस कसा पकडल्यासारखा होतो. कन्नडमध्ये ती काहीही म्हणाली असती, तरी यांनी 'टेक्स्चर' म्हणून सोडून दिलं असतं. मराठीत उत्तर द्यावं लागतं.

"असंच... आठवण म्हणून," भाऊजी.

"मग थांबा की जरा. केसं तर इचरू द्या. लेकराचा शेंबूड तर पुसू द्या."

ती हात धुऊन उठली. आणि भाऊजी, आमचे सुशिक्षित, दोन वेळा अमेरिका बघून आलेले भाऊजी, हात जोडून म्हणतात कसे, "नको नको, ताई, आहात तशाच राहा. नाक नका पुसू. मला तेच हवंय!"

शेंबूड हवाय! मी कढीपत्ता खाली टाकला आणि तोंडात पदर कोंबला.

त्या बाईनं जे केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. तिनं भाऊजींकडे असं बघितलं, जसं आपण थोडं डोकं फिरलेल्या पाहुण्याकडे बघतो, आणि सरळ आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली ती जांभळ्या साडीत, वेणी घट्ट, कपाळाला मोठं कुंकू. लेकराच्या गालाला पावडर, भांग पाडलेला. नवऱ्याला हाक मारली, त्यानं इस्त्रीचा शर्ट अंगात घातलेला, त्याची घडी अजून मोडली नव्हती. प्लॅस्टिकची खुर्ची आली. नवरा खुर्चीत, बाई शेजारी उभी, लेकरू मांडीवर, तिघांचे हात गुडघ्याशी नाही तर पोटाशी, आणि तोंडं अशी कडक, जसा कुणी निकाल वाचून दाखवतोय. "हां, आता काढा."

बाकीची मंडळी केव्हाच पुढे सरकली होती. लाइट गेला म्हणे.

मला आमच्या आजीचा फोटो आठवला. सांगलीच्या स्टुडिओत काढलेला, आजोबांबरोबर. अगदी अशीच उभी. नऊवारी इस्त्रीची, मागे पडद्यावर रंगवलेला जिना, जो कुठेच जात नाही, शेजारी कागदी फुलांची कुंडी, आणि हातात पुस्तक. आजीला वाचता येत नव्हतं. पुस्तक स्टुडिओवाल्याचं. घरी तिचा अवतार काय असायचा ते मला ठाऊक आहे, शेणानं भरलेले हात, पदर खोचलेला, केसांचा बुचडा. तसा फोटो कुणी काढायला आला असता तर तिनं पाटाखालची फुंकणी फेकून मारली असती. आणि आज तो जिन्याचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे, येणारा-जाणारा म्हणतो, काय करारी दिसतात हो! भाऊजीही म्हणालेत, दोनदा.

अपवाद आहेत, नाही कशाला म्हणू. टी. एस. सत्यन होते, म्हैसूरचे, १९४८ मध्ये 'डेक्कन हेरल्ड' इथे सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे फोटोग्राफर म्हणून लागलेले. त्यांच्या फोटोंतली साधी माणसं, शाळेची पोरं बघा, कुणी दचकलेलं दिसत नाही, आणि कुणाची कीवही येत नाही. आपल्या अकोल्याकडचे सुधारक ओलवे तर मुंबईच्या सफाई कामगारांबरोबर वर्षानुवर्षं हिंडले, गटारात उतरणाऱ्यांचे फोटो काढले ते त्यांची दुखणी महापालिकेपुढे मांडायला. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. पण वर्षानुवर्षं हिंडायचं म्हणजे रविवार सकाळ पुरत नाही, दहाला इडली-वडा खाऊन घरी येता येत नाही. आमच्या भाऊजींना तेवढी सवड कुठली? सोमवारी स्टँडअप मीटिंग असते.

इथवर मी मजेत होते. मग माझ्यावरच आलं.

एप्रिलमध्ये मी दर वर्षी गच्चीवर कुरडया घालते. बेंगळुरूच्या उन्हात सांगलीचा कडकपणा नाही, चार दिवस लागतात, पण घालते. अवतार काय सांगू? जुना गाऊन, त्यावर ह्यांचा विटलेला शर्ट, डोक्याला टॉवेल, हातापायाला चीक, आणि कावळे हाकलायला काठी. बी ब्लॉकमधला एक पोरगा वर आला, 'आंटी, स्कायलाइन घेतो' म्हणाला. घे बाबा. मी सोऱ्या दाबत होते, माझं कुठे लक्ष?

आठवड्याने भाचीचा फोन. "मावशी, तू व्हायरल झालीस." बघते तर काय, मी! काळी-पांढरी! उन्हात डोळे बारीक, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मागे अख्खी आयटी कंपनीची काच चकाकतेय आणि पुढे मी उकिडवी, हातात काठी. मथळा: 'द फरगॉटन विमेन ऑफ द सिलिकॉन सिटी'. खाली कुणी तरी लिहिलंय, 'हार्टब्रेकिंग'. एकानं विचारलंय, 'हिला मदत कशी पोचवता येईल?' दुसऱ्यानं लिहिलंय, बहुतेक रस्त्यावर शेवया विकते. मी! माझी स्वतःची दोन बेडरूमची जागा आहे, हप्ते फिटलेली!

आमचे हे बराच वेळ फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिले आणि म्हणाले, "माझा शर्ट छान आलाय."

सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस धुरळा. पोरानं फोटो काढून टाकला, त्याची आई पेढे घेऊन आली. सगळ्यांत जास्त कोण चिडलं असेल? भाऊजी. "न विचारता? आपल्याच सोसायटीत?" वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मी वहिनींकडे. कुणी काही बोललं नाही, पण त्या रात्री सातव्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज जरा जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी भाऊजी माझ्याकडे आले, हातात पाकीट. त्यांनी तो खुर्चीवरचा फोटो काढला होता म्हणे त्या दिवशी, बाईच्या आग्रहाखातर, एकच. प्रदर्शनात लावण्यासारखा नाही, फार 'स्टिफ' आलाय. पण रंगीत छापून आणलाय, मोठा. "तुम्ही नेऊन देता का? मला जरा..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

नेऊन दिला. औरादच्या बाईनं तो उजेडात धरला, लेकराची पावडर आधी तपासली, मग नवऱ्याच्या शर्टाची घडी. "ब्येस आलाय," म्हणाली. ताडपत्रीच्या आत देवाशेजारी बांबूला खिळा होता, तिथे लगेच टांगलाही. मग मला म्हणाली, "आक्का, तुमच्यासंगं एक काढू की." आणि माझी वाट न बघता खिशातून, म्हणजे ब्लाउजमधून, फोन काढला. माझ्यापेक्षा नवा. मी म्हटलं, अगं थांब, केस तर...

"असूद्या की," ती म्हणाली आणि दाबलंसुद्धा.

संध्याकाळी तिनं तो तिच्या स्टेटसवर टाकला, मागे कुठलं तरी लग्नाचं गाणं लावून, आणि मला मुद्दाम भिंतीपाशी बोलावून दाखवला. औराद, भालकी, उदगीर, सगळीकडच्या पाहुण्यांनी बघितलाय. तिच्या जावेनं खाली विचारलंय, "शेजारची म्हातारी कोण गं? आजारी हाय का?"